पहिल्या नजरेची दुआ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अम्मीला नाही, अब्बांना नाही, ऑफिसात जिच्यासोबत रोज डबा खाते तिलाही नाही. नमाजात सजद्याला जमिनीवर डोकं टेकलं की मनातलं सगळं आपोआप बाहेर येतं म्हणतात – मी तिथेही या एका गोष्टीला वळसा घालून जाते. जणू अल्लाहला ती माझ्याकडूनच कळायची राहिली आहे.

मी तशी गप्प. शाळेत इंग्रजी निबंधाला बक्षीस मिळायचं आणि तो वर्गासमोर वाचायची वेळ आली की अंगात कणकण यायची. पाहुणे आले की चहा ठेवायचा आणि आत पळायचं. पण आत जाऊन मी ऐकत असायची – कोण काय म्हणालं, म्हणताना कुणाकडे पाहिलं. बोलायचंच असेल तर मी लिहून बोलते. आत्ताही तेच करतेय.

एक आधीच सांगून ठेवते. मी इथे रडायला बसलेली नाही. जे केलं त्यातल्या एका भागाची मला लाज वाटत नाही. वाटली पाहिजे असं तुम्ही म्हणालात तरी वाटणार नाही. दुसऱ्या भागाचं – थांबा, तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल.

नोकरी लागून वर्ष झाल्यावर मी अम्मीला घेऊन उमऱ्याला गेले. मक्का आणि मदिनेची ही छोटी यात्रा; हजसारखे ठरलेले दिवस नसतात, वर्षात केव्हाही जाता येतं. ऑफिसातल्या मुली पहिल्या पासपोर्टवर बँकॉकला जातात. माझ्या पासपोर्टवरचा पहिला शिक्का जेद्दाहचा. अब्बांना दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून शहरातल्या एका ग्रुपसोबत आम्ही दोघीच.

आमच्याकडे उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या घरी लोक येतात. गळ्यात हार घालतात, चहा घेतात, आणि जाताना नाव देऊन जातात. 'वहाँ मेरा नाम लेना.' नावासोबत मागणं. कुणाला मूल हवं असतं, कुणाला सुनेची जीभ आखूड व्हायला हवी असते. ही सगळी नावं सोबत न्यायची आणि तिथे एकेक करून ठेवायची, हे निघणाऱ्याचं काम. अम्मीचे गुडघे दुखतात, म्हणून तिने वाटणी केली – म्हातारे आणि आजारी तिच्याकडे. लग्नं, नोकऱ्या आणि परीक्षा माझ्याकडे.

उस्मानपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून खरात मावशींचं घर आहे. बौद्ध कुटुंब, मी जन्मले तेव्हापासूनचा शेजार. त्याही आल्या.

"आमी काय देव मानत नाय बाई, तुला माहितीये," मावशी म्हणाल्या. "पण आमच्या प्रशांतचं परमनंटचं लई दिवस लटकलंय. आमी नाय मागत. तू मागितलेलं चालतंय."

"और नै हुआ तो हमकू नक्को बोलना, भाभी," अम्मी म्हणाली.

"नाय झालं तर युनियनला बोलीन. तुला कशाला?"

प्रशांतदादा म्हणजे नोकरी, म्हणजे माझ्याकडे.

आणि मग पाचोडहून रुबीना आपा आली.

रुबीना आपा माझ्या पाचोडच्या खालांची मुलगी, म्हणजे अम्मीच्या सख्ख्या बहिणीची. माझ्याहून बरीच मोठी. खालूंचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, बांगड्यांचं दुकान आहे. आठवडी बाजाराला ते पाल टाकतात. त्या पालात आपा बसायची आणि नव्या नवरींच्या हातात बांगड्या चढवायची – एकही न फोडता. स्वतःचं लग्न झालेलं होतं, पण नवरा 'थोडे दिवस राहा, बोलावतो' म्हणून तिला माहेरी सोडून गेला होता आणि त्यानंतर दोन रमजान ईदा तिच्या तिथेच गेल्या होत्या. मूल नव्हतं. फोन केला तर तो उचलायचा, अदबीने बोलायचा, आणि ठेवून द्यायचा.

आपा मला गच्चीवर घेऊन गेली. तिथे वाळत घातलेल्या चादरींच्या मधे उभी राहून म्हणाली, "तेरेसे एकच चीज माँगती. तेरी पहली नजर मेरेकू दे."

तुम्हाला कदाचित माहीत नसेल – आमच्याकडे असं मानतात की काबा आयुष्यात पहिल्यांदा दिसतो त्या क्षणी जे मागाल ते मिळतं. ती एक नजर. पुन्हा गेलात तर पुन्हा नाही. लोक वर्षानुवर्षं ठरवून ठेवतात, त्या वेळी काय मागायचं. कुणी दुसऱ्याची ती नजर मागत नाही, आणि मागितली तर कुणी देत नाही.

"उनो आके मेरेकू लेके जाना. बस, इत्ता बोल," आपा म्हणाली.

मी मान हलवली. नाही म्हणायचं असतं तरी मी मानच हलवली असती. माझी मान आडवी हलायला शिकलेलीच नाही.

आता त्या माणसाबद्दल सांगायला हवं. ही गोष्टही मी कुणाला सांगितलेली नव्हती, आणि ती सांगितली असती तर पुढचं काही घडलंच नसतं – असं मला अधूनमधून वाटतं.

कॉलेज संपताना माझी एक परीक्षा नांदेडला होती. आपा तेव्हा तिथे सासरी. दोघंच राहत होते, दोन खोल्यांत. मी आदल्या दिवशी गेले. तो एका खासगी संस्थेत क्लार्क होता. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. बायकोला 'आप' म्हणायचा. या एका गोष्टीवर आमच्या खानदानात त्याचं केवढं कौतुक होतं. आजकाल कोण म्हणतो बायकोला आप?

रात्री जेवताना त्याच्या पुलावात केस निघाला. तो ओरडला नाही. ताट सरकवलं नाही. दोन बोटांनी केस उचलला आणि म्हणाला, "रुबीना, हाथ दीजिए." तिने हात पुढे केला. त्याने तो केस तिच्या तळव्यावर ठेवला. "मुठ्ठी बंद. मैं बोलूँ तब खोलना." आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. मला वाटलं, चेष्टा आहे.

सकाळी मी उठले तर आपा एका हाताने कणीक मळत होती. डावी मूठ मिटलेली. तो केव्हाच कामावर गेला होता – काही न बोलता.

"आपा, उघडा ना," मी म्हटलं. "गेलेत ते."

"शाम कू पूछेंगे," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. जसं आपण म्हणतो, संध्याकाळी पाणी येईल.

मी परीक्षेला गेले आणि तिथूनच परतीची बस धरली. ती मूठ केव्हा उघडली, मला माहीत नाही. घरी येऊन अम्मीला सांगितलं का? काय सांगणार होते? त्याने मारलं नाही. शिवी दिली नाही. हातात एक केस दिला. हे बोलायला मला शब्द सापडले नाहीत – इंग्रजीतही नाहीत. अम्मीने विचारलं, कशी आहे रुबीना? मी म्हटलं, ठीक.

आणि आता तिला तिथे परत जायचं होतं. माझ्या नजरेने.

तुम्ही विचाराल, गच्चीवर का नाही बोललीस? चादरी होत्या, ती होती, मी होते, तिसरं कुणी नव्हतं. 'आपा, नका जाऊ तिकडे.' एवढंच वाक्य. त्याला कितीसा श्वास लागतो? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय की आता उत्तराची वाटही बघत नाही. नाही बोलले.

मक्केला पोचलो. आमच्या ग्रुपच्या मौलानांनी सांगितलं होतं, नजर खाली ठेवून चालत राहा, मी सांगेन तेव्हाच वर बघा. मी अम्मीचा दंड धरून चालत होते. पायाखाली थंडगार संगमरवर. शेजारी कुणीतरी व्हिडिओ कॉलवर आपल्या आईला विचारत होतं, दिख रहा क्या अम्मा, अभी नहीं दिख रहा क्या. मी मनात आपाचं वाक्य घोकत होते. खरंच घोकत होते – आधीपासून ठरवून गेले असं नाही. वचन दिलं होतं, ते पाळायचं होतं. पुढच्याच क्षणी मौलाना म्हणाले, उठाओ.

मी नजर उचलली.

मला वाटलं होतं, मी रडेन. सगळे रडत होते. अम्मीही रडत होती. मी रडले नाही. ते काळं, शांत घर समोर होतं आणि माझ्या तोंडून – मनात नाही, तोंडून, मला माझा आवाज ऐकू आला – निघालं, "या अल्लाह, उसको इसकी याद नक्को आने देना."

घरच्या बोलीत. 'नक्को'सकट. तिथे लोक अरबीत मागतात, निदान चांगल्या उर्दूत तरी. मी भाजीवाल्याला सांगावं तसं सांगितलं.

हाच तो भाग, ज्याची मला लाज वाटत नाही.

कुणी म्हणेल, अमानत होती ती. दुसऱ्याने सोपवलेली वस्तू. ती जशीच्या तशी पोचवायची असते. उघडून बघायची नसते, बदलायची तर नसतेच. कळतं मला. लहानपणापासून शिकलेय. तरीही सांगते – आज पुन्हा मला तिथे नेऊन उभं केलं तरी मी तेच बोलेन. आणखी मोठ्याने बोलेन. कारण तिने जे मागितलं होतं ते घर नव्हतं. मला दिसलं होतं ते काय आहे. मला एकटीलाच दिसलं होतं.

त्यानंतर आम्ही तिथे बरेच दिवस होतो. रोज काब्याभोवती तवाफच्या फेऱ्या, रोज वेळ. मी प्रशांतदादांचं परमनंट मागितलं. कुणाचा व्हिसा, कुणाची दहावी, कुणाच्या थोरल्या मुलीसाठी स्थळ. एकेक नाव मनापासून घेतलं. आपाचं मागणं तोंडाशी यायचं आणि मी पुढच्या नावावर जायची. नंतरही मागता आलं असतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. पहिली नजर घाईत हातून निसटली, असं मला म्हणता येणार नाही.

पहिल्याच दिवशी आपाचा मेसेज आला होता. 'देखी क्या?' मग, 'बोली क्या?' मी तो उघडला नाही. वरच्या पट्टीवर वाचला आणि तसाच ठेवला, म्हणजे तिला निळी खूण दिसणार नाही. ती रोज काहीतरी पाठवायची. एक गुलाबाचं फूल. जुम्मा मुबारक. पुन्हा विचारायची तिला भीड वाटत असणार.

शेवटचे दिवस मदिनेत. परतीची वेळ आली की त्या हॉटेलांमध्ये एकच काम चालतं – बॅगा बांधायच्या, खजूर वाटून ठेवायचे आणि घरी लिहायचं. ज्याने नाव दिलं त्याला कळवायचं, तुझं झालं. आमच्या खोलीत चौघी बायका होत्या. पैठण गेटच्या एक खाला पलंगावर मांडी घालून आवाजी मेसेज पाठवत होत्या, "हौ, तेरा नाम ली. पूरा नाम ली, बाप के नाम के साथ. गलत आदमी के पास नै जाती, फिकर नक्को कर."

अम्मी सांगत होती, मी टाइप करत होते. अमुकला लिही, तमुकला लिही. खरात मावशींना मराठीत लिहिलं – प्रशांतदादांसाठी मागितलं. ते खरं होतं. बाकी सगळ्यांनाही खरंच लिहिलं.

"रुबीना कू लिखी?" अम्मीने विचारलं. "मैं तो उसके वास्ते इत्ताच बोली की उसके हक में जो अच्छा है सो कर. तू क्या बोली?"

"उन्होंने बोली सो," मी म्हटलं.

अम्मी जे बोलली होती ते मलाही लिहिता आलं असतं. 'आपा, तुमच्या भल्याचं मागितलं.' खोटं नसतं झालं. ती थोडी हिरमुसली असती, कदाचित रागावली असती. एवढंच. मग मी ते का नाही लिहिलं? कारण तिने पुढे विचारलं असतं – म्हणजे काय? आणि मग मला बोलावं लागलं असतं.

आपा पाचोडच्या मराठी शाळेत शिकली. तिला मराठीच नीट वाचता येतं. मी खिडकीत बसून मराठीत लिहिलं – 'आपा, पहिली नजर तुमच्यासाठीच होती. तुम्ही सांगितलं तेच मागितलं. अगदी मनापासून.' बघा, पहिलं वाक्य खरं आहे. खोट्याला टेकू म्हणून मी आधी एक खरं वाक्य ठेवलं. शब्द बरोबर आहेत ना म्हणून दोनदा वाचून पाहिले. समोर मशिदीचे मिनार दिसत होते, खाली लोक झुंडीने नमाजला निघाले होते, आणि मी तिथे बसून, त्या शहरात बसून, पाठवायचं बटण दाबलं.

मग एक आवाजी मेसेज आला. त्यात शब्द नव्हते, ती फक्त रडत होती. खुशीने.

आम्ही परत आलो. खजूर आणि मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी न्यायला खालू एकटेच आले. आपा घर सोडायला तयार नव्हती. तिने बॅग भरून दाराजवळ ठेवली होती. बाजारच्या दिवशी पालातही बसेना. तो आला आणि आपण घरी नसलो तर? खालू हसत सांगत होते, आजकाल गाडीचा आवाज झाला की ओढणी सारखी करते. अम्मीही हसली. मी खजुरांची पिशवी बांधत होते. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

काही महिन्यांनी कळलं की त्याने परभणीला दुसरं लग्न केलं. मग दोन्हीकडची माणसं बसली, बोलली, तलाकचे कागद झाले. आपाचं कपाट आणि भांडी छोट्या हत्ती टेम्पोतून पाचोडला परत आली. गावात रोज कुणीतरी भेटायला येऊन उसासे टाकायचं, म्हणून अम्मीने तिला आमच्याकडे आणलं.

ती आली आणि त्याच आठवड्यात खरात मावशी पेढे घेऊन आल्या. प्रशांतदादा परमनंट झाले होते.

"तुमच्याकडचं काम लई पक्कं हाय बाई," मावशी अम्मीला म्हणाल्या. "युनियननं एवढी वर्षं घालवली. तुमच्या पोरीनं एका फेरीत केलं."

पुडा त्यांनी आपाच्याच हातात दिला, कारण ती दारात होती. आपाने पेढा तोंडात टाकला, मुबारक म्हणाली. मावशी गेल्यावर ती ओट्याशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"इनका हो गया," ती म्हणाली. "मानते नै उनका बी हो गया."

मी गवार मोडत होते. "हं," म्हटलं.

त्यानंतर तिने नमाज सोडली. भांडून नाही, रुसून नाही. जिथून उत्तर आलं तिथे पुन्हा अर्ज कशाला करायचा, असं. अम्मी समजवायची, दुआ रद्द होत नाही बेटा, बदलून मिळते. आपा म्हणायची, "मिली ना खाला. पता बदल के मिली. परभणी में किसी और के घर उतर गई." सगळे हसायचे. तिच्या बोलण्यावर हसू येतंच. मीही हसायची.

आता ती शेंद्र्याला काम करते. माझ्याच कंपनीत, मी ऑफिसात, ती पॅकिंगला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसतो. जालना रोडवर ती खिडकीवरून ड्रायव्हरशी वाद घालते, पॅकिंगच्या मुलींच्या सुट्ट्या सुपरवायझरशी भांडून मिळवते. हप्त्यावर जुनी स्कूटी घेतली आणि पहिल्याच दिवशी अम्मीला मागे बसवून खुलताबादला नेलं. जेवायला बसताना आधी स्वतःचं ताट वाढते. हे शेवटचं तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला नाही वाटत. मी तिला वाढून घेताना बघते आणि मनात म्हणते – बरोबर केलं मी. त्या दुआबद्दल मला कुणी बोल लावायला आलं तर मी ऐकून घेणार नाही. मौलाना आले तरी नाही.

माझ्या बोलण्याने हे झालं असं मी म्हणत नाही. तेवढी माझी पत नाही. तो माणूस तसाही आला नसता, कोण जाणे. पण मी आपल्याकडून अडवलं, आणि त्याचा मला आनंद आहे.

आणि दुसरा भाग?

दुसरा भाग असा. ती समजते की तिला तिथून नकार आला. जगातल्या सगळ्यात मोठ्या दारात तिचं मागणं ठेवलं गेलं, पहिल्या नजरेला ठेवलं गेलं, आणि तिथून नाही म्हटलं गेलं. खरात मावशींना हो, तिला नाही. ती हे मान्य करून जगते आहे; हसते, कमावते, भांडते – पण आतून ती नाकारलेली बाई आहे. अम्मी नमाजची चटई, जानमाज, पसरते, तेव्हा ती खोलीतून उठून जाते. जमजमचं पाणी सगळे घेतात, ती घेत नाही. अम्मीला वाटतं, शेंद्र्याच्या नोकरीने बिघडली. मी अम्मीला ते वाटू देते.

आणि मला माहीत आहे की नकार आलाच नव्हता. तिचं मागणं तिथे कुणी ठेवलंच नव्हतं.

मला तिच्या तोंडावर बोलायचं होतं, ते धाडस नव्हतं. म्हणून मी तिच्या पाठीमागून वर जाऊन चहाडी केली आणि खाली येऊन तिला सांगितलं, तुमचं काम सांगून आले. दुआ ही हिंमत असेल. तो मेसेज नव्हता.

सांगितलं का नाही अजून? आधी वाटायचं, सांगितलं तर ती पुन्हा त्याची वाट बघत बसेल. तेव्हा ते खरंही असेल. आता ते कारण संपलंय. त्याला मुलगा झाला, आपाने तो फोटो बघून 'कान बाप के गए' म्हटलं आणि पुढे गेली. आता एकच उरलंय – मी सांगितलं तर ती कदाचित पुन्हा जानमाजवर बसेल, आणि कदाचित बसमध्ये माझ्या शेजारी बसणार नाही. या दोनांतल्या दुसऱ्या 'कदाचित'चाच मी आजवर विचार केला.

गेल्या आठवड्यात पाचोडच्या खाला आमच्याकडे आल्या. त्या उमऱ्याला निघाल्या होत्या, पहिल्यांदाच. त्यात मोठा वाटा आपाच्या पगाराचा. घर भरलं होतं. खरात मावशी यंदा दोन मागण्या घेऊन आल्या होत्या, एक सुनेची आणि एक स्वतःच्या डोळ्याची, म्हणाल्या, "मागच्या बारीला लई लवकर झालं, म्हणून आलते." आपा सगळ्यांना चहा देत होती, प्रत्येकाच्या मागण्यावर काहीतरी बोलून हसवत होती.

खालांनी तिचा हात धरला. "तेरे वास्ते क्या माँगू? पहली नजर तेरीच रखी मैं."

"मेरा नाम नक्को लेना, अम्मी," आपा म्हणाली. साध्या आवाजात. "मना करे सो दरवाजे पे फिर नै जाना."

खालांचे डोळे भरले. त्या माझ्याकडे वळल्या – "तू बोल ना इसकू. तूनेच तो माँगी थी वहाँ. दिल से माँगी थी ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अम्मी, खाला, मावशी. आपाही, कपांचा ट्रे हातात घेऊन. मला अशा वेळी बोलता येत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी तसं काही झालं नाही. मी स्वच्छ, ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं, "हौ. माँगी थी."

"देखो," आपा खालांना म्हणाली. "ये झूठ थोड़ी बोलेगी."

आणि ती चहा ओतायला लागली.

खाला निघाल्या. त्यांनी तिथे आपाचं नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. मी इथे आहे, तीही इथे आहे, सकाळी बस आहे. मी तिचं मागणं अडवलं आणि पोचवलं म्हणून सांगितलं – एकदा लिहून, एकदा तोंडाने. ती दुआ माझी होती, ती मी परत घेणार नाही. हे खोटंही माझंच आहे.